मदत हवी आहे : लीड्सच्या थंडीत जपानी केळ कशी जगवावी?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. मागच्या अंगणात मोठ्या पानांची झाडं लावायचा ध्यास घेतलाय. केळीची पानं वाऱ्यावर फडफडताना दिसली की आजोळची परसबाग आठवते.

दोन वर्षांपूर्वी मुसा बास्जू, म्हणजे जपानी केळ, लावली. तिची केळी खाण्याजोगी नसतात, पण गड्डा थंडी सोसतो. उन्हाळ्यात माझ्याहून उंच झाली! पहिल्या हिमतुषारात पानं काळी पडली, तेव्हा ती कापून खोडाभोवती जाळी उभी केली आणि आत गवताचा पेंढा ठासून भरला. मार्चमध्ये उघडलं तर खोड आतून कुजून लिबलिबीत. थंडीपेक्षा ओलीनंच घात केला असावा, कारण इथली माती चिकण आहे आणि हिवाळाभर पाऊस थांबत नाही. मे महिन्यात बुडातून तीन पिल्लं आली, पण उंची गेली ती गेलीच.

खोड किती उंचीवर कापता? वरून पाऊस आत जाऊ नये, पण हवा खेळावी, म्हणून काय झाकता? पिल्लं सगळी ठेवू की एकच?

शिवाय अळूचे कंद जमिनीतच ठेवावेत की काढून कोरड्या जागी? कर्दळ मी काढून ठेवते, ती टिकते.

फॅट्सिया हे मोठ्या पानांचं झुडूप सावलीत छान चाललंय. गनेरा हे अवाढव्य पानांचं झाड मात्र सुचवू नका, इथे ते लावायला आता बंदी आहे.

स्कॉटलंड, कॅनडातल्या कुणी केळ जगवली असेल तर जरूर सांगा. ऑक्टोबर तोंडावर आलाय.