न्यूमोनियानंतर ‘हळूहळू चाला’ म्हणजे नेमके किती चालावे?

प्रश्न

मला पाच आठवड्यांपूर्वी न्यूमोनिया झाला होता. ताप उतरून आता तीन आठवडे झाले, प्रतिजैविकांचा कोर्सही पूर्ण झाला आणि डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितले आहे. बसल्या जागी ऑक्सिजन ९७ टक्के असतो, मात्र एक जिना चढला की धाप लागते. गेल्या आठवड्यात एके दिवशी बरे वाटले म्हणून मी सलग ४० मिनिटे चालले. त्या दिवशी काहीच त्रास झाला नाही, पण पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवेना, आणि तेव्हापासून चालण्याचीच भीती बसली आहे. तीन चेंडूंचे स्पायरोमीटरही (हवा आत ओढून चेंडू वर उचलायचे श्वसनाच्या व्यायामाचे यंत्र) रोज ओढते, परंतु तिसरा चेंडू काही केल्या वर जात नाही. माझे नेमके कोठे चुकते आहे?

उत्तर १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपण ज्या दिवशी चाललात त्या दिवशी त्रास झाला नाही, म्हणून ते चालणे झेपले असे आपण धरलेत, इतकीच चूक झाली. संसर्गानंतर श्रमाचा हिशेब बहुधा दुसऱ्या दिवशी, कधी कधी तर दोन-तीन दिवसांनी कळतो. त्यामुळे आज किती चाललो यापेक्षा उद्या सकाळी कसे वाटते, हे पाहून पुढचे ठरवावे.

सुरुवात सपाट जागेवर पाच मिनिटांपासून, दिवसातून दोन-तीन वेळा करावी. दम किती लागला हे मोजण्यासाठी शून्य ते दहा अशी बोर्ग श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे मुळीच दम नाही आणि दहा म्हणजे सहन होण्याची कमाल. सध्या दोन-तीनच्या वर जाऊ नये. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य आहे, शब्द तुटू लागले तर कमी करावा. एकच प्रमाण आठवडाभर निर्वेध झेपले, तरच त्यात दोन-तीन मिनिटांची भर घालावी. बरे वाटणाऱ्या दिवशी जास्त चालण्याचा मोह आवरणे हे मला या काळातले सर्वांत कठीण काम वाटते.

तिसऱ्या चेंडूची चिंता सोडा. ते यंत्र आपण किती वेगाने हवा आत ओढता हे दाखवते, आणि झटका देऊन तिन्ही चेंडू उडवले तरी फुप्फुसाच्या तळापर्यंत हवा पोहोचतेच असे नाही. पहिला चेंडू दोन-तीन सेकंद वर टिकवून धरणे अधिक उपयोगाचे आहे. पाच-सहा वेळा ओढल्यावर थांबावे, नाहीतर चक्कर येते.

उत्तर २

मीही या आजारातून उठलो आहे, म्हणून धाप लागल्यावर काय करायचे ते सांगतो, कारण भीती तिथेच असते. धाप लागली की आपण घाबरून आणखी हवा आत घेऊ पाहतो, पण आधीची हवा बाहेर गेलेली नसल्यामुळे छाती अधिकच भरल्यासारखी वाटते. अशा वेळी खुर्चीत बसून किंचित पुढे झुकावे, कोपर मांड्यांवर टेकवावेत, खांदे सैल सोडावेत, नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि गरम दुधावर फुंकर घालतो तसे ओठ आवळून चार अंक मोजेपर्यंत सोडावा. जिना चढतानाही पायरीवर पाऊल टाकताना श्वास सोडायचा, हे मला एका फिजिओथेरपिस्टने शिकवले आणि त्याने खरोखरच फरक पडला.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अजून थोडा कफ पडतो आणि खोकताना फार थकवा येतो. कफ पूर्ण जाईपर्यंत चालायचे थांबावे का?

उत्तर १

थांबण्याची गरज नाही. न्यूमोनियानंतर खोकला आणि दम बऱ्यापैकी कमी व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात, आणि थकवा तर तीन महिन्यांपर्यंतही राहू शकतो. कफासाठी जोरजोराने खोकू नये. तीन-चार खोल श्वास घ्यावेत, मग आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडे ठेवून ‘हा’ असा उच्छ्वास सोडावा. त्याने कफ वर सरकतो आणि खोकण्याचे कष्ट वाचतात. श्वास दीर्घकाळ कोंडून धरण्याचे किंवा भराभर झटके देण्याचे प्रकार मात्र तूर्त टाळावेत.

उत्तर ३

मी डॉक्टर आहे. वरील सल्ल्यात एक महत्त्वाची भर घालतो. चालण्याआधी आणि चालून झाल्यावर ऑक्सिमीटरची नोंद घ्या. ऑक्सिजन तीन टक्के किंवा त्याहून जास्त उतरला तर व्यायाम थांबवून आपल्या डॉक्टरांना कळवा. विश्रांतीतही तो ९२ च्या खाली गेला, छातीत दुखले, धडधड वाढली, डोळ्यांपुढे अंधारी आली, कफात रक्त दिसले किंवा एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. विषाणूच्या संसर्गानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, म्हणून छातीचे दुखणे अशक्तपणावर कधीही ढकलू नये. बरे वाटत असले तरी सहाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा डॉक्टरांना दाखवून या. वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा धूम्रपान करत असाल, तर छातीचा एक्स-रे पुन्हा काढण्याबद्दल त्यांना अवश्य विचारा.