स्कीची सुट्टी आणि आगाऊ काढलेली रेल्वे तिकिटं : तुमचे अनुभव लिहा

भटकभवानी

सकाळी मेल आला, फेब्रुवारीच्या गाड्यांची तिकिटं खुली झाली म्हणून. यंदा जायचं की नाही तेच ठरलेलं नाही, तरी हात थांबेना. तारखा टाकून बघितल्याच. आणि एकदम पॅरिसचं गार द लिऑं स्टेशन डोळ्यांसमोर आलं.

ज्यांनी ते शनिवारी सकाळी पाहिलंय त्यांना सांगायला नको. फलाट कुठला ते गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी कळतं. एका हॉलमधल्या फलाटांना अक्षरं, दुसऱ्यातल्या फलाटांना आकडे. तोवर अख्खी गर्दी माना वर करून पाटीखाली उभी. पाटी बदलली की सगळे एकदम वळतात, आणि ज्याच्या खांद्यावर स्की आहेत तो वळला की मागच्यांनी मुकाट्याने खाली वाकायचं. सासूबाई दोनदा वाकल्या, तिसऱ्यांदा त्यांनी ती स्की हाताने धरून ठेवली. त्या माणसाला वाटलं, अडकली कुठेतरी. मागे वळून बघेना बिचारा, नुसता ओढतोय!

मुद्दा असा की आल्प्सच्या फ्रेंच बाजूची बहुतेक घरं शनिवार ते शनिवार मिळतात. म्हणून बुर्ग-सँ-मोरिस, मुतिए, एम-ला-प्लान्य, सगळीकडे शनिवारच्याच गाड्या आधी भरतात. आमच्या घरात यावरून कायमचे दोन पक्ष. मी म्हणते आधी गाडी, मग घर. हे म्हणतात आधी घर, गाडी काय कुठलीही मिळेल. (मिळते. पहाटेची. पहिल्या वर्गाची.)

तुमचं कसं असतं? किती आधी काढता, काय वाट्याला आलं, लिहा. विषय सोडून लिहिलं तरी चालेल, मी कुठे मॉनिटर आहे.

चष्मेबहाद्दर

शनिवार सोडून द्या, हाच माझा अनुभव. रविवार ते रविवार देणारी घरं शोधली की मिळतात. रविवारी तीच गाडी, तोच डोंगर, भाडं बरंच कमी.

आणि फ्रान्समधल्या शाळांच्या सुट्ट्या बघून घ्या आधी. देशाचे ए, बी, सी असे तीन विभाग केलेत आणि फेब्रुवारी-मार्चची सुट्टी प्रत्येकाला वेगळ्या तारखांना सुरू होते. पॅरिस सीमध्ये. ज्या शनिवारी पॅरिसची सुट्टी लागते त्या दिवशी तिकडून निघायचं मनातही आणू नका.

टिवटिव

जागा पकडून ठेवते. लेकीला क्लासहून आणायचंय, आल्यावर वाचते सगळं.

निळाई

एवढी धावपळ कशाला, स्वित्झर्लंडला जा की. साध्या गाड्यांना आरक्षण लागतच नाही. झुरिच विमानतळाखालीच स्टेशन आहे, सरकत्या जिन्याने खाली उतरायचं आणि येईल त्या गाडीत बसायचं. पूर्ण दराचं तिकीट आज काढा नाहीतर सहा महिन्यांपूर्वी, भाव तोच.

आगाऊ काढण्यात फायदा कुठे, तर दोन ठिकाणी. एक, सुपरसेव्हर, म्हणजे सवलतीचं तिकीट. ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. दोन, सेव्हर डे पास. तो सहा महिने आधीपासून मिळतो आणि जसजसा खपतो तसतसा महागतो. बाहेरून येणाऱ्यांना एक महिन्याचं हाफ फेअर कार्डही मिळतं. ते घेतलं तर बहुतेक डोंगरी गाड्यासुद्धा निम्म्यात. आम्ही दरवेळी आधी कार्ड घेतो आणि पास निघायचा दिवस आणि परतीचा दिवस एवढ्यापुरताच काढतो. मधले दिवस तर उतारावरच जातात, तेव्हा कुठे बसतोय गाडीत!

अपवाद : ग्लेशियर एक्सप्रेस. तिथे सीटचं आरक्षण सक्तीचं आणि वेगळे पैसे. पण ती आठ तास खिडकीला नाक लावून बसणाऱ्यांची गाडी. स्कीवाल्याने त्या नादी लागू नये.

उंटावरचा

मी तो नाक लावून बसणारा. स्की करणारे घरातले, मी सामान सांभाळणारा. आम्हा लोकांचाही एक धागा काढा कोणीतरी.

हिमकण

एक गोष्ट कोणी लिहिलीच नाही म्हणून लिहितो. युरोपभर रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं. त्यामुळे स्कीचा सगळा मोसम नव्या वेळापत्रकात येतो. "सहा महिने आधी तिकीट मिळतं" हे वाक्य ऐकून कोणी जुलैत जानेवारीचं तिकीट शोधायला बसला तर त्याला बऱ्याचदा गाडीच दिसत नाही. मग लोक घाबरतात, की मार्ग बंद झाला! बंद नसतो हो, नवं वेळापत्रक चढलेलं नसतं. साधारण ऑक्टोबरात एकेक देश खुला होऊ लागतो, तोही एकाच दिवशी नाही. मेहुण्याने असंच घाबरून विमान काढलं आणि वर मलाच ऐकवलं.

माझा ठरलेला मार्ग म्हणजे झुरिच ते ऑस्ट्रियातलं सांक्ट आंटोन. थेट रेलजेट, म्हणजे तिकडची वेगवान गाडी. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर डोंगरावर नेणारी स्की लिफ्ट. २००१ च्या जागतिक स्की स्पर्धेच्या आधी त्यांनी गावातून जाणारा रेल्वेमार्गच हलवून दुसरीकडे नेला, म्हणून ते इतकं सुटसुटीत आहे. ऑस्ट्रियाचं स्वस्त तिकीट म्हणजे श्पारशीने. त्यात सीट येत नाही, हे लक्षात ठेवा. सीटचे थोडे युरो वेगळे भरायचे. ते वाचवायला गेलात तर फेब्रुवारीत डब्यांच्या मधल्या जागेत स्कीच्या पिशवीवर बसून बर्फ बघायचा. तिथूनही छान दिसतो म्हणा.

भटकभवानी

@हिमकण, हे डिसेंबरचं प्रकरण धाग्यात वरच लिहायला हवं, अगदी बरोबर. @उंटावरचा, सामान सांभाळणाऱ्यांना या घरात फार मान आहे.

रातकिडा

रात्रीची गाडी! हॅम्बुर्ग ते इन्सब्रुक. संध्याकाळी बसायचं, सकाळी डोंगर. हॉटेलची एक रात्र वाचते आणि पहिल्या दिवशी दुपारच्या आतच उतारावर.

कुशेतचे (झोपायच्या साध्या डब्याचे) खालचे बर्थ आधी जातात. अख्खा कप्पा घेतला तर कोणाशी वाद नाही. स्की वरच्या खाचेत तिरक्या बसतात, बूट मात्र कुठेही ठेवा, पहाटे कोणाच्या तरी पायात येतातच. २०२३ च्या डिसेंबरपासून या मार्गावर नवे डबे आलेत, त्यात एकट्यासाठी बंद होणारा छोटा कप्पा आहे. फार मस्त, पण उंच माणसाने जरा विचार करून घ्यावा.

आता रडगाणं. एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी निरोप : शयनयानाचा डबा लागणार नाही, बसायची सीट देतो. कोणाची गाडी ते सांगत नाही. रात्रभर सहा माणसं सरळ बसलेली, आणि गुडघ्याला गुडघा लागलेला एक आजोबा पहाटेपर्यंत त्यांच्या स्कीच्या स्पर्धा सांगत होते. फरकाचे पैसे मिळाले, पण मागितल्यावर. म्हणून सांगतो, निरोप आला की त्याचा स्क्रीनशॉट काढा, तिकीटही जपून ठेवा. आपोआप काही येत नसतं.

केतकीवन

पैशांवरून आठवलं. युरोपियन युनियनमध्ये एकाच तिकिटावर प्रवास असेल आणि तुम्ही तासभर उशिरा पोचलात तर भाड्याचे २५ टक्के, दोन तास उशीर झाला तर ५० टक्के मागता येतात. पण "एकाच तिकिटावर" हे महत्त्वाचं. आम्हाला एका साइटने सगळा प्रवास एका पानावर, एकाच पेमेंटमध्ये दाखवला, आणि आली दोन सुटी तिकिटं. पहिली गाडी रखडली, शांबेरीला दुसरी डोळ्यांदेखत निघून गेली. खिडकीवरची बाई म्हणाली, ती गाडी उशिरा नव्हती, तुम्ही उशिरा आलात. काय बोलणार!

नवीन तिकीट काढलं, शेवटची बस चुकली, टॅक्सी. लिफ्ट पासचा एक दिवस गेला तो गेलाच.

तेव्हापासून पैसे भरायच्या आधी मी एकच बघते : तिकीट एक की दोन. दोन असतील तर मध्ये भरपूर वेळ ठेवायचा, दीड-दोन तास. मग कॉफी पीत बसा, पण डोकं शांत.

चष्मेबहाद्दर

@केतकीवन, "तुम्ही उशिरा आलात" 😂😂 ही बाई मलाही भेटलीय बहुतेक.

जर्मनीत एक बरं आहे. स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असलं तरी शेवटच्या स्टेशनवर २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं, पुढची कुठलीही गाडी पकडा. तिथल्या गाड्यांची सध्याची तऱ्हा बघता, स्वस्त तिकीट काढून लवचीक तिकिटाची मजा घेणारे बरेच आहेत.

टिवटिव

आले. बाप रे, किती लिहिलंय!! आम्ही फक्त म्युनिकहून गार्मिशला जाणारे. तिथे आगाऊ काढण्यासारखं काही नाहीच, प्रादेशिक गाडी, साधारण दीड तास. बायर्न तिकीट (त्या राज्यातलं एका दिवसाचं तिकीट) पाचजणांपर्यंत चालतं. फक्त कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच, त्यामुळे पहिली लिफ्ट विसरा. शनिवार-रविवारी ती अट नाही, पण मग डब्यात उभं राहायलाही जागा नाही.

बाकी एक विचारायचं होतं, लहान मुलांना स्की बूट भाड्याने घेता की विकत?

निळाई

भाड्याने गं. पाय दर वर्षी वाढतो, विकत घेऊन काय करणार. आणि ते ओझं गाडीत कोण चढवणार?

मुलांवरून : सहा वर्षांखालची स्वित्झर्लंडमध्ये फुकट. त्यापुढे सोळाव्या वाढदिवसापर्यंत फॅमिली कार्डावर आईबाबांबरोबर फुकट. कार्डालाही पैसे नाहीत, पण पास घेतानाच मागून घ्यायचं. नंतर आठवलं तर डब्यात तपासनिसासमोर ततपप होतं.

दोनशिंगी

जपान कोणी नाही का? तोक्योहून गाला-युझावा. शिंकानसेन (तिथली बुलेट ट्रेन) थेट स्की सेंटरच्या इमारतीत जाऊन थांबते, साधारण सव्वा तास. ते स्टेशन फक्त हिवाळ्यात चालू असतं! सकाळी गेलो, दिवसभर घसरलो (बहुतेक वेळ बसून), संध्याकाळी परत.

आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी १० ला उघडतं, जपानच्या घड्याळाने. चार महिने, सहा महिने असली भानगडच नाही. शनिवार-रविवारच्या सकाळच्या गाड्यांनाच घाई करावी लागते. आणि फक्त गालासाठी रेल पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. सुटं तिकीटच परवडतं.

स्की गाडीत न्यायच्याच नाहीत. ताक्क्यूबिनने (सामान घरपोच करणारी कुरियर सेवा) पुढे पाठवायच्या, हॉटेलात आपली वाट बघत उभ्या असतात. हा देश आपल्याला उगाच लाडावून ठेवतो.

उंटावरचा

ताक्क्यूबिन आलं की आमची नोकरी गेली.

हिमकण

😄 उंटावरचे, तुम्ही झेरमाटला या. गावात मोटारी नाहीत, टेशला गाडी ठेवून सगळेच रेल्वेने वर येतात. गोर्नरग्राटची रेल्वे १८९८ पासून आहे, ३०८९ मीटरवर नेऊन सोडते. स्की न करणाऱ्याला तिथे कोणी खिजवत नाही. मॅटरहॉर्न बघत बसा.

सायसाखर

आमचा बेत इटलीतल्या बार्डोनेकियाचा होता, २००६ च्या ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग झालं ते गाव. पॅरिसहून मिलानची गाडी थेट त्याच बाजूने जाते म्हणून निवडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये वाटेतल्या फ्रान्सच्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि तो मार्ग मार्च २०२५ च्या अखेरीपर्यंत बंद. आम्हाला वाटायचं, दोन-चार महिन्यांत होईल सुरू. दर मोसमाला तारीख पुढे. शेवटी बसने गेलो, नवरा पूर्ण वळणावळणाच्या रस्त्यावर डोळे मिटून.

आता सुरू झालीय. पण डोंगरातला मार्ग असेल तर आधी तो चालू आहे का ते बघायचं, मग भाडं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

टिवटिव

@निळाई थँक्यू गं. मोजे दोन घालायचे ना बुटात? थंडीसाठी?

रातकिडा

एकच! पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. दोन घातले की चुण्या पडतात आणि त्याच जागी फोड.

भटकभवानी

अगदी, एकच. आणि टीजीव्हीत (फ्रान्सच्या वेगवान गाडीत) बसणार असाल तर बॅगेवर नावाची चिठ्ठी लावा, तिथे ती सक्तीची आहे. दुमजली डब्यात वरची सीट मिळाली तर मोठी बॅग खालीच दाराजवळ ठेवायची आणि स्टेशन आलं की उठून डोकावायचं. सासूबाईंनी त्यासाठी जिन्यातली पायरीच धरली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मराठीतून बजावत होत्या, "ती लाल आमची आहे".

@चष्मेबहाद्दर, रविवारचं बघितलं आत्ता. खरंच स्वस्त आहे हो. ह्यांना अजून सांगितलं नाही.

चष्मेबहाद्दर

सांगू नका. आधी काढा.