ब्रेस्ट लिफ्ट दुसऱ्यांदा करताना: स्तनाग्राला हात लावावा की नाही?

सुईदोरा

ब्रेस्ट लिफ्ट म्हणजे ओघळलेला स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया, आणि ती दुसऱ्यांदा दुरुस्त करणं म्हणजे ‘रिव्हिजन’. या एका शब्दाखाली दहा वेगळ्या तक्रारी येतात, म्हणून एकच प्रकार घेऊन बोलू. पहिली शस्त्रक्रिया वाइज पद्धतीची, म्हणजे उलट्या टी आकाराच्या व्रणाची. इम्प्लांट नाही. काही वर्षांनी स्तनाचा खालचा भाग ओघळलाय, वरचा रिकामा झालाय आणि स्तनाग्र वर तोंड करून बसलंय. यालाच बॉटमिंग आउट म्हणतात. मापं अशी धरा: गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंत २१ सेंमी आणि स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत, त्वचा ताणून, ११ सेंमी. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद हातात नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. इथे स्तनाग्र जागचं हलवू नये आणि नवा पेडिकलही कापू नये. २१ सेंमी हे माप ठीकच आहे. बिघाड त्याच्या खालच्या ११ सेंमीमध्ये आहे, मग तेवढाच दुरुस्त करावा. पेडिकल म्हणजे स्तनाग्राला रक्त पोचवणारा ऊतींचा देठ. पहिल्या वेळी एक देठ राखून बाकीच्या वाटा कापलेल्या असतात. कोणता राखला हे बाहेरच्या व्रणावरून कळत नाही. त्याच उलट्या टीखाली खालचा, वरचा, वरचा-आतला किंवा मॅककिसॉकचा दुहेरी (वर आणि खाली दोन्हीकडे जोडलेला) पेडिकल असू शकतो. अंदाजाने नवा देठ कापायला गेलात आणि उरलेली एकमेव वाट तुटली, तर स्तनाग्र काळं पडतं.

म्हणून जुन्या आडव्या व्रणातूनच आत जावं. स्तनाग्रापासून ७ सेंमीवर खूण करून तिथून घडीपर्यंतची जादा पट्टी काढावी: मध्ये साधारण ४ सेंमी, दोन्ही टोकांकडे निमुळती. घडीची त्वचा खालच्या फॅशियाला (स्नायूवरच्या चिवट पडद्याला) टाक्यांनी बांधावी, नाहीतर घडीच खाली सरकते आणि सगळी मेहनत वाया जाते. ॲरिओलाभोवती, म्हणजे स्तनाग्राच्या गडद वर्तुळाभोवती, छेद नको. वरच्या बाजूने त्वचा सोडवायची नाही.

टिपकागद

निदान पटलं, उपाय पटला नाही. जी त्वचा एकदा ताणून ११ सेंमी झाली, ती फक्त कापून ७ सेंमीची केली तर पुन्हा ताणणारच. ग्रंथीचं वजन तिथेच आणि आधारही तोच. बॉटमिंग आउट होतं ते बहुधा खालच्या पेडिकलमुळे. त्यात सगळं वजन खालच्या अर्ध्यात राहतं आणि त्वचेवर झोळीचं काम पडतं. ते वजन काढल्याशिवाय ही दुरुस्ती टिकत नाही.

माझी पसंती उभ्या पद्धतीला. खालच्या मधल्या भागातली ग्रंथी पाचरीसारखी काढायची, उरलेल्या ग्रंथीचे आतला आणि बाहेरचा असे दोन खांब विरघळणाऱ्या टाक्यांनी एकमेकांना जोडायचे आणि आकाराची जबाबदारी त्वचेवरून ग्रंथीवर आणायची. स्तनाग्राला दुसऱ्या ते चौथ्या बरगड्यांमधल्या जागांतून, उरोस्थीच्या कडेने येणाऱ्या रक्तवाहिन्या मिळतात. वरचा-आतला भाग न दुखावता राखला तर त्या पुरतात.

‘जुनाच पेडिकल हवा’ हा नियम हडसन आणि स्कॉल यांच्या १९९९ च्या लेखापासून चालत आलाय. त्यानंतर २००० मध्ये लोसी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की वेगळा पेडिकलही सुरक्षित राहू शकतो. २०१७ मध्ये मिस्त्री, मॅक्लेनन आणि हॉल-फिंडले यांनी पेडिकल नव्याने कापण्याचीच गरज नाही, खालचं काढा, असं मांडलं. या तिन्ही मांडण्या स्तन लहान करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल आहेत, पण रक्तपुरवठ्याचा प्रश्न तोच आहे.

आणि सुईदोरा, तुमच्याच योजनेत एक भोक आहे. जुना पेडिकल खालचा असेल, तर घडीशी पूर्ण खोलीची पट्टी काढताना तुम्ही त्याचं मूळच कापता. मग ‘सुरक्षित’ कोणती पद्धत?

सुईदोरा

रास्त मुद्दा. म्हणूनच कागद नसताना ती पट्टी पूर्ण खोलीची काढू नये. फक्त वरची कातडी सोलून डर्मिस (त्वचेचा आतला जाड थर) राखावा आणि तो भाग आत दुमडून वरच्या दिशेने टाचावा. देठाचं मूळ तसंच राहतं, शिवाय दुमडलेल्या डर्मिसचा थोडा आधारही मिळतो. वजन तेवढं कमी होत नाही, हे मान्य.

पण तुमच्याही मांडणीत एक गृहीतक आहे. मिस्त्री वगैरेंचा मार्ग चालतो तो स्तनाग्राच्या वर आणि बाजूंना काहीच सोडवलेलं नसतं म्हणून. तुम्ही ‘वरचा-आतला भाग राखून’ म्हणता, पण खांब मोकळे करायला बाहेरच्या बाजूने किती आत शिरणार? पहिल्या वेळी आतली बाजू कापली गेली असेल, तर उरलेला पुरवठा बाहेरूनच येत असेल.

टिपकागद

खांब मोकळे करण्यासाठी त्वचा ग्रंथीपासून सोडवावी लागत नाही. पाचर काढल्यावर ज्या कडा उरतात त्याच शिवायच्या. ॲरिओलाच्या खालच्या कडेपासून २ सेंमी तरी जाडी सोडून सुरुवात केली, तर स्तनाग्राच्या पाठीशी पुरेशी ऊती राहतात. स्तनाग्र हलवायचं नाही, यावर आपलं एकमत आहे. भांडण फक्त खालची ग्रंथी काढण्यावर आहे.

सांजवेल

दोघंही ‘कागद नाहीत’ हे अटळ असल्यासारखं बोलताय. आधी ते मागा! भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपावी लागते आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागते. ३ वर्षं उलटली असली तरी अर्ज करावा, बऱ्याच ठिकाणी नोंदी त्याहून जास्त काळ राहतात.

डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. त्यावर फक्त शस्त्रक्रियेचं नाव असतं. लेखी अर्जात ‘ऑपरेशन नोट’ असाच शब्द लिहा. तिच्यात चार गोष्टी शोधायच्या: पेडिकल कोणता, तो किती रुंद, स्तनाग्र किती सेंमी वर नेलं, आणि प्रत्येक बाजूने किती ग्रॅम काढले. काढलेला भाग तपासणीला गेला असेल तर पॅथॉलॉजीच्या अहवालातही वजन सापडतं. पहिल्या शस्त्रक्रियेआधीचे फोटोही मागा.

अभ्यासू ठाणेकर

वरच्या रिकाम्या भागाबद्दल कोणीच बोललं नाही. रुग्णाची तक्रार बहुतेक वेळा तीच असते. टाके कितीही चांगले घातले तरी तिथला भराव काही महिन्यांत उतरतो. मग त्याच वेळी लहान इम्प्लांट का नको? २०० सीसीच्या आसपास, स्नायूखाली. एका भूल-देण्यात काम होतं.

टिपकागद

ठाणेकर, लिफ्टमध्ये आपण त्वचा आवळतो आणि इम्प्लांट तीच आतून ताणतो. पहिल्याच वेळी या दोन गोष्टी एकत्र करणं जोखमीचं असतं. इथे तर खालची त्वचा आधीच पातळ आणि व्रणांनी भरलेली आहे, तिच्यावर कायमचं वजन ठेवू नये. इम्प्लांट ग्रंथीखाली ठेवलं तर छातीच्या भिंतीतून येणाऱ्या वाहिन्याही तुटतात, आणि जुना पेडिकल माहीत नसताना नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. स्नायूखाली ठेवलं तर त्या वाचतात, पण ग्रंथी त्यावरून घसरून खाली लोंबू शकते.

त्यापेक्षा लिफ्टनंतर ३ ते ६ महिन्यांनी पोटाची किंवा मांडीची चरबी भरावी, एका बाजूला १०० ते १५० सीसी. त्यातली काही शरीर शोषून घेतं, म्हणून दुसरी बैठक लागू शकते हे आधीच सांगावं. एकाच जागी जास्त भरली तर मधली चरबी रक्ताविना मरते आणि गाठ लागते.

सांजवेल

त्या गाठी आणि चुन्याचे ठिपके मॅमोग्राममध्ये दिसतात. चाळिशीपुढच्या स्त्रीचा मॅमोग्राम शस्त्रक्रियेआधी हवाच, आणि नंतर सूज ओसरल्यावर, ६ ते १२ महिन्यांनी, नवा काढून ठेवावा. नाहीतर पुढे प्रत्येक ठिपक्यासाठी बायोप्सी मागे लागते.

अभ्यासू ठाणेकर

चरबीचं पटलं, इम्प्लांटचा आग्रह या प्रकारापुरता सोडतो. पण टेबलावर स्तनाग्राचा रंग बदलला तर काय, हे दोघांनीही लिहा. पद्धत निवडताना हा भागही पक्का हवा.

सुईदोरा

आधी रंग कशामुळे बदलला ते पाहायचं. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून टोचलेल्या ॲड्रेनलिनमुळेही ॲरिओला पांढरा पडतो आणि आपण उगाच घाबरतो. उलट, खरा धोका त्याच पांढरेपणात लपूही शकतो. म्हणून रिव्हिजनमध्ये ते ॲरिओलाजवळ टोचूच नये.

निळसर रंग आणि काळपट, भराभर वाहणारं रक्त म्हणजे शिरांमधून परतीची वाट तुंबलीय. फिकट रंग आणि टोचल्यावर रक्तच न येणं म्हणजे धमनीचा पुरवठा कमी. दोन्हींत पहिलं काम टाके काढण्याचं. देठ वळलाय का, दुमडलाय का, खाली रक्त साठलंय का ते बघा, रक्तदाब आणि रुग्णाचं तापमान सुधारा आणि थांबा. बऱ्याचदा एवढ्यावर रंग परत येतो. आला तर त्या दिवशी घट्ट शिवू नका, सैल सोडून नंतर बंद करा.

टिपकागद

इथे सहमत. पुरवठा परतलाच नाही तर स्तनाग्र काढून, पातळ करून, चांगल्या डर्मिसवर ग्राफ्ट म्हणून, म्हणजे सुट्या त्वचेसारखं रोपून, लावायचं. संवेदना जाते, त्यातून दूध येणार नाही आणि सावळ्या त्वचेवर रंगाचे पांढरे चट्टे राहू शकतात. पण काळ्या पडलेल्या स्तनाग्रापेक्षा ते बरं.

सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल तर दोन्हींपैकी कुठलीच पद्धत करू नये. निदान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर बंद. निकोटिनचे पॅच आणि गमही त्यात आले. मिश्री लावणाऱ्या बायका तिला तंबाखूत धरत नाहीत, म्हणून ते वेगळं विचारावं.

सांजवेल

व्रणाचंही ठरवा. आडव्या छेदाचं आतलं टोक उरोस्थीकडे सरकलं की तिथे व्रण जाड होतो, आपल्याकडच्या त्वचेत जास्तच. दोन्ही बाजूंचे व्रण मध्ये भेटता कामा नयेत. टोकाशी थोडी चुणी राहिली तरी चालेल, ती पुढे सुन्न करून काढता येते. जखम भरल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसातले १२ तास, ३ महिने. तरी व्रण फुगला तर ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं.

सुईदोरा

टिपकागद, मग एवढं लिहून ठेवू: ऑपरेशन नोट मिळाली आणि जुना पेडिकल वरचा किंवा वरचा-आतला निघाला, तर तुमची पाचर. तेव्हा मी हरकत घेणार नाही. नोट मिळाली नाही किंवा पेडिकल खालचा निघाला, तर डर्मिस राखून दुमडणं.

टिपकागद

पहिलं मान्य. दुसऱ्यात फक्त ‘नोट मिळाली नाही’ एवढंच मान्य. पेडिकल खालचा असल्याचं लेखी असेल आणि मध्ये वर्षभर गेलं असेल, तर मी ती ग्रंथी काढेन, कारण ओघळणारा भाग तोच आहे. आणि तुमच्या पद्धतीत ११ सेंमी परत येण्याची शक्यता जास्त आहे, हे संमतिपत्रात तुम्ही लिहायला हवं. माझ्या संमतिपत्रात ग्राफ्टची शक्यता असेलच.

सुईदोरा

लिहितो. दोन्ही संमतिपत्रं मराठीत आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी रुग्णाच्या हातात.