सल्ला हवा: आईला ऐकू कमी येतं, घरी सांभाळायला बाई लावायची आहे

सातारकरीण:
आई ७९ वर्षांची, साताऱ्याला असते. खुब्याचं ऑपरेशन झालंय, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, उजव्याने त्यातल्या त्यात बरं. कानामागचं मशीन आहे, पण दवाखान्यात दाखल केलं त्याच दिवशी ते काढून पिशवीत ठेवलं आणि नंतर कुणी घातलंच नाही. फाइलवर शेरा काय, तर 'रुग्ण गोंधळलेली, सहकार्य करत नाही'. आई अजिबात गोंधळलेली नव्हती. आपल्याला काय विचारतायत तेच तिला कळत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं वाचून.
आता ब्यूरोतून चोवीस तासांची बाई येणार आहे. मी ठाण्याला, भाऊ बंगळुरूला. आईच्या बाबतीत पुन्हा हेच व्हायला नको. बाईंना नेमकं काय सांगू? मशीन जुनं झालंय, नवीन घ्यावं का?

निवृत्त_सिस्टर:
ताई, मेडिसिन वॉर्डात आयुष्य गेलं माझं. 'आजी ऐकत नाहीत, हट्टी आहेत' हे वाक्य प्रत्येक पाळीत कानावर यायचं. बाई आल्या की पहिल्याच दिवशी त्यांना सांगा की आई हट्टी नाही, तिला ऐकू येत नाही. बाकीचं सगळं त्यानंतर.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ असली अक्षरं निसटतात. बोलल्याचं कळतं, शब्द कळत नाही. 'सात' म्हटलं की 'हात' की 'भात' असा घोळ होतो. म्हणून ओरडून उपयोग नाही, ओरडताना आपला आवाज आणखी चढतो. समोर बसायचं, तोंडावर उजेड हवा, मास्क खाली, टीव्ही बंद. आवाज जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश. दोनदा सांगून कळलं नाही तर तेच तिसऱ्यांदा सांगू नका, वाक्य बदला. 'गोळी घेतली का?' ऐवजी पाकीट हातात धरून 'दुपारची ही गोळी' म्हणा. आणि 'कळलं का?' असं कधी विचारू नका. म्हातारी माणसं भिडेखातर 'हो हो' म्हणतात. 'ही कधी घ्यायची, सांगा बघू' असं विचारा.

खुब्याचं ऑपरेशन आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. वॉकर घेऊन चालवताना बाई मागे किंवा बाजूला असतात आणि तिथूनच सूचना देतात. आईला ऐकू आलं नाही की ती मान वळवून, कंबर वळवून बघणार, तिथेच तोल जाणार. त्यामुळे उठण्याआधी समोर बसून सगळं सांगायचं: आधी कुठला पाय, कुठपर्यंत जायचं, थांबायचं असेल तर खांद्यावर दोनदा थोपटेन. चालताना बोलणं बंद. पाठीमागून येऊन एकदम हात धरायचा नाही.

सकाळी तोंड धुतलं की कवळी, चष्मा, मशीन. चष्मा लागतोच, कारण ती ओठांकडे बघून निम्मं समजून घेत असणार. कानात घालण्याआधी मशीन चालू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर सेल चालू आहे. नवीन सेलचं स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. आणि सेल गोळ्यांच्या डब्यापासून लांब ठेवा. बटणाएवढा सेल गोळी समजून गिळला तर जिवावर बेतू शकतं.

श्रवणतज्ज्ञ_नाशिक:
नवीन मशीनची घाई नको. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवा. मशीन लावणाऱ्यांच्या कानात मळ जास्त साठतो, तेवढ्यानेही बरंच ऐकू येईनासं होतं. पिनेने, काडीने काढायचा नाही, तेल ओतायचं नाही. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. कित्येकदा मोल्डची (कानात बसणाऱ्या साच्याची) नळी कडक झालेली असते, ती बदलून मशीनचं सेटिंग नव्या तपासणीप्रमाणे केलं की जुनंच चालतं. ऑनलाइन मिळणारे स्वस्त 'आवाज वाढवणारे' यंत्र म्हणजे श्रवणयंत्र नव्हे, त्यात पंखा आणि भांडीसुद्धा मोठी ऐकू येतात.
मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. तुम्ही ठाण्यात आहात, आई प्रवास करू शकेल तेव्हा तिथे दाखवता येईल. उत्पन्न कमी असेल तर ६० वर्षांवरच्यांसाठी केंद्राची वयोश्री योजना (२०१७) आहे, त्यात श्रवणयंत्रही मिळतं. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त दोष निघाला तर दिव्यांग प्रमाणपत्राचंही विचारा.
एक महत्त्वाचं: एखाद्या कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर वय म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर. उपचार लवकर सुरू झाले तरच फायदा होण्याची शक्यता असते.

रत्नांग्रीकर:
पावसाळ्यात दमट हवेने मशीन बिघडतं. रात्री सेलचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. डोक्याला तेल लावायच्या आधी मशीन काढायचं, आमच्याकडे दोन मशीनं तेलानेच गेली.

पुणेरी_काकू:
बाई निवडताना बोली बघा. माझ्या सासूबाईंना परक्या धाटणीचं मराठी ओठांवरून अजिबात उमगत नसे. गावाकडच्या बाई आल्या आणि दोघींचं छान जमलं.

सातारकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, दोन गोष्टी राहिल्या. रात्री मशीन काढल्यावर काय करायचं? आणि तपासणीला परत दवाखान्यात जावं लागेल तेव्हा?

निवृत्त_सिस्टर:
दवाखान्यात फाइलच्या पहिल्या पानावर आणि खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत लिहून लावा: 'ऐकू कमी येते. मशीन आहे. उजव्या बाजूने, समोरून बोला.' मशीनच्या डबीवर नाव घाला. संमतीपत्रावर सही घेण्याआधी मशीन कानात असलंच पाहिजे, याचा आग्रह धरा. मशीन हाताशी नसेल तर स्टेथोस्कोप तिच्या कानांत घालायचा आणि चकतीपाशी हळू आवाजात बोलायचं. वॉर्डात मी हे खूपदा केलंय, बऱ्याच जणांना त्याने ऐकू येतं.
रात्रीचं बोलणं मशीन काढण्याआधी उरकून घ्या: बाई कुठे झोपणार, उठायचं असेल तर काय करायचं. उशाशी हातघंटा द्या. मंद दिवा रात्रभर चालू, बाईंचं अंथरूण आईला दिसेल अशा बाजूला. तिला उठवायचं असेल तर आधी बॅटरीचा उजेड भिंतीवर पाडायचा, मग समोर येऊन हातावर हात ठेवायचा. तोंडावर उजेड मारू नका, दचकून उठेल.