योकोहामात तीन महिने ऑफिसचं काम, शहर नीट बघायचं कसं?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी, मे अखेरीस ऑफिसकडून जपानला जातेय, योकोहामात, ऑगस्टच्या मध्यापर्यंत. राहायला साकुरागिचो स्टेशनजवळ छोटं सर्व्हिस अपार्टमेंट दिलंय आणि ऑफिस मिनातो मिराईला, म्हणजे चालतच जाता येईल. सोमवार ते शुक्रवार काम, सुटायला साडेसात तरी होतील असं आधी जाऊन आलेले सांगतात.

माझा प्रश्न पर्यटनाचा नाहीये, म्हणजे आहे पण तसा नाही. दोन वर्षांपूर्वी मी पाच आठवडे जर्मनीत होते कामासाठी. रोज हॉटेल, ऑफिस, परत हॉटेल. वीकेंडला एक तर दमून झोपायचे नाहीतर शुक्रवारी रात्रीच बॅग भरून दुसऱ्या शहरात पळायचे, दोन दिवसांत चार ठिकाणी फोटो काढून परत. घरी आल्यावर सासूबाईंनी सहज विचारलं की तू राहत होतीस ते गाव कसं होतं गं, तर मला स्टेशनचं नाव सोडून काही सांगताच येईना. ते मनाला फार लागलंय. पाच आठवडे एका जागी राहून तिथलं एक माणूस, एक गल्ली ओळखीची झाली नाही.

यावेळी तसं नको आहे. तर सांगा, वीकेंडला क्योटो-ओसाका-हिरोशिमा करू की योकोहामातच राहू? संध्याकाळी एकट्या बाईने फिरायला कसं आहे? मी अंडं खाते पण मासे-मटण नाही, त्याचं काय होईल? आणि सगळ्यात मोठं म्हणजे लेक आठ वर्षांची आहे, तिला आजीकडे ठेवून जातेय, इतके दिवस पहिल्यांदाच. तिच्याशी बोलायची वेळ आणि फिरायची वेळ एकच आली तर मी फिरणार नाही हे मला आत्ताच माहितीये.

हार्बरलाइन

क्योटो नक्की करा, नाही केलंत तर हळहळ वाटेल. शिन-योकोहामाहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दोन तास लागतात. फक्त सगळे सांगतात म्हणून रेल पास घेऊ नका, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे दर खूप वाढले, सात दिवसांचा पास तेव्हा ५०,००० येनचा झाला आणि एकट्या क्योटोच्या जाण्यायेण्याला त्याच्या साधारण निम्मेच लागतात. साधं तिकीट काढा. रोजच्या ट्रेन-बससाठी सुइका किंवा पास्मो कार्ड, पैसे भरायचे आणि टॅप करत राहायचं. शेवटची ट्रेन बाराच्या आसपास जाते, तेवढं लक्षात ठेवा. सेफ्टीचं म्हणाल तर मी तिथे असताना ऑफिसातल्या मुली रात्री अकराला एकट्या घरी चालत जायच्या.

कामाकुरा तर अर्ध्या दिवसात होतं, योकोसुका लाइनने पंचवीस मिनिटं. तिथला मोठा बुद्ध तेराव्या शतकातला आहे, ब्राँझचा. आधी त्याच्यावर लाकडी मंदिर होतं ते गेलं आणि तेव्हापासून शेकडो वर्षं तो उघड्यावर ऊन-पाऊस झेलत बसलाय. जूनमध्ये जा, हायड्रेंजियाची फुलं असतात आणि गर्दीही असते, पण आपण दादरला उतरणारी माणसं.

गिरगावचा_शिपिंगवाला

मी मर्चंट नेव्हीत होतो, नंतर वर्षभर योकोहामात किनाऱ्यावरची नोकरी केली, आता रिटायर्ड आहे. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण या शहराला लोक टोकियोचं उपनगर समजून सोडून देतात आणि मुंबईच्या माणसाने तरी तसं करू नये. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरं आहेत हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

दोन्ही गावं बंदरामुळे मोठी झाली. योकोहामा १८५९ पर्यंत मासेमारीचं लहान गाव होतं, मग परदेशी जहाजांना बंदर उघडलं आणि सगळं बदललं. तो दिवस ते २ जूनला साजरा करतात, तुम्ही तेव्हा तिथे असालच, बंदरावर जा. जपानची पहिली रेल्वे १८७२ ची, शिम्बाशी ते योकोहामा, आणि त्या वेळचं योकोहामा स्टेशन म्हणजे आजचं साकुरागिचो, म्हणजे तुमच्या घराजवळचंच. आपली बोरीबंदर-ठाणे त्याच्या १९ वर्षं आधीची. तुम्ही मुलुंडच्या, त्या पहिल्या गाडीच्या वाटेवरच्या, त्यामुळे साकुरागिचोला उतराल तेव्हा हे आठवेल.

आता यामाशिता पार्क. समुद्राला लागून लांबलचक बाग आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात शहर पडलं, जळलं, त्याचा राडारोडा समुद्रात भरून त्या जमिनीवर ही बाग केली, १९३० साली खुली झाली. बागेच्या एका टोकाला घुमट असलेली छोटी छत्री दिसेल, लोक तिच्यासमोरून आइस्क्रीम खात निघून जातात. ती तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९ मध्ये बांधलेली पिण्याच्या पाण्याची छत्री आहे. रेशमाच्या व्यापाराला आपली बरीच माणसं तिथे होती, त्यातली काही भूकंपात गेली, उरलेल्यांना योकोहामाच्या लोकांनी सांभाळलं, त्याची आठवण आणि आभार. आत उभं राहून वर बघा, घुमटाला आतून मोझेकचं काम आहे. मी पहिल्यांदा वर बघितलं तेव्हा एकटाच होतो, घरची फार आठवण येण्याचे दिवस होते, आणि आपलं कोणीतरी आधी इथे राहून गेलंय, रडून गेलंय, टिकलंय, असं वाटून पाय तिथून निघेना.

त्याच बागेला हिकावा मारू हे १९३० सालचं जुनं प्रवासी जहाज बांधून ठेवलंय, आत जाऊन बघता येतं. ते ज्या कंपनीचं, त्या निप्पॉन युसेनने १८९३ मध्ये मुंबईची लाइन सुरू केली होती, कापसासाठी, आणि त्यात जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. त्याच वर्षी विवेकानंद ३१ मेला मुंबईहून निघाले आणि जुलैत योकोहामाहून व्हँकुव्हरचं जहाज पकडलं, एम्प्रेस ऑफ इंडिया, आणि जमशेटजी त्याच जहाजावर होते. त्या धक्क्यावर उभं राहून हे सगळं आठवावं असं मला नेहमी वाटायचं.

सांकेइएन बागही सोडू नका. हारा नावाच्या रेशीम व्यापाऱ्याची, १९०६ मध्ये लोकांना खुली केली, क्योटोकडची जुनी मंदिरं-घरं उचलून आणून तिथे उभी केलीत. रवींद्रनाथ टागोर १९१६ मध्ये तिथे मुक्कामाला होते.

पार्ल्याची_मावशी

अगं खाण्याचं मी सांगते, मुलाकडे जाऊन राहिलेय तिकडे दोनदा. मांस नको एवढं सांगून भागत नाही, कारण सूप, सॉस, भाजीचा रस सगळ्यात दाशी असते आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाची. साधं मिसो सूपही त्यातच. तू मनाने कितपत चालवून घेणार ते आधीच ठरव म्हणजे रोज टेबलावर बसून त्रास होणार नाही. भुकेला आधार म्हणजे कन्बिनी, म्हणजे खाण्यापिण्याचं छोटं दुकान, कोपऱ्याकोपऱ्यावर असतं. उमे म्हणजे आंबट प्लमचा भाताचा त्रिकोणी गोळा मिळतो, आपल्या लोणच्या-भातासारखा, मला फार आवडला. बेकऱ्या तर अप्रतिम. भारतीय हॉटेलं योकोहामात बरीच आहेत.

छोटा कुकर, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला ने. कढीपत्ता, मिरच्या, आंबे असलं ताजं काही नेऊ नको, विमानतळावर कागदपत्रं मागतात आणि नसली तर ठेवून घेतात. मे महिना म्हणून हापूस न्यायचा मोह होईल, नको नेऊस गं. सर्दीच्या गोळ्यांचंही बघ, स्युडोएफेड्रीन असलेल्या गोळ्यांवर तिकडे कडक नियम आहेत.

आणि एक, आठवड्यातनं एकदा तरी घरी वरणभात लाव. बाहेर हिंडायला जो उत्साह लागतो तो पोटातनं येतो.

मुलुंडकरीण

किती छान लिहिलंय सगळ्यांनी. शिपिंगवाले काका, छत्रीबद्दल वाचून मी ती नकाशावर शोधली, घरापासून चालत अर्धा-पाऊण तास दाखवतंय. मावशी, हापूसची पेटी खरंच मनात होती हो.

लेकीच्या वेळेचं कोणी सांगेल का? तिची शाळा सकाळची असते, दीडपर्यंत घरी येते.

बोरिवली_पश्चिम

हे मी सांगतो कारण यात मी चुकलोय. मुलगा सहा वर्षांचा असताना मी चार महिने टोकियोत होतो. रोज रूमवर जाऊन, कपडे बदलून, जेवून मग निवांत फोन लावायचो, तोपर्यंत तो खेळायला गेलेला असायचा किंवा कंटाळलेला असायचा, आणि मला शहरही दिसायचं नाही आणि मुलगाही. शेवटच्या महिन्यात एक दिवस ट्रेनमधून उतरून नदीकाठच्या रस्त्यावरून चालता चालता फोन लावला, कॅमेरा पाण्याकडे केला, आणि तो चाळीस मिनिटं बोलत राहिला. ही बोट कुठे चालली, ते काका मासे पकडतायत का, पूल लाल का आहे. रूममधल्या भिंतीसमोर मी रोज त्याला जेवलास का, अभ्यास केलास का एवढंच विचारत होतो.

जपान आपल्या साडेतीन तास पुढे. तुम्ही साडेसातला सुटलात तर मुलुंडला चार वाजलेले असतील, शाळा झालेली, जेवण झालेलं, खेळायला जायच्या आधीची वेळ. एकदम बरोबर बसतं. ओसानबाशी धक्क्यावर जा, क्रूझ जहाजं लागतात ना तिथे, त्याचं अख्खं छप्पर लाकडी फळ्यांचं आहे, चढउताराचं, गवतही आहे, कोणीही कधीही वर जाऊन फिरू शकतं, तिकीट नाही. समोर मिनातो मिराईचे सगळे दिवे. फक्त ट्रेनमध्ये कॉल घेऊ नका, तिकडे कोणी बोलत नाही फोनवर.

आणि स्वतःसाठी पहाट ठेवा. जूनमध्ये तिथे साडेचारला उजाडतं, तेव्हा मुंबईत रात्रीचा एक वाजलेला असतो, घरून फोन येणार नाही, ऑफिसचा येणार नाही. ते दोन-तीन तास पूर्ण तुमचे.

सायन_ते_पनवेल

हार्बरलाइन यांच्याशी अर्धाच सहमत. क्योटो एकदा करा, दोन रात्री राहून, बाकी वीकेंड योकोहामालाच द्या. एकाच बेकरीत रोज गेलात तर तिसऱ्या आठवड्यात बाई ओळखायला लागते, आणि तुम्हाला जे हवंय ते तेच आहे असं मला तुमच्या पोस्टवरून वाटलं. दर शनिवारी नवं शहर केलंत तर ती बेकरीवाली भेटणार कधी?

मुलुंडकरीण

सात आठवडे झाले, आता लिहायला बसलेय. ऑफिसमध्ये काम खूप आहे, साडेसात म्हणता म्हणता आठवड्यातून दोनदा नऊ होतात, ते दिवस सोडून द्यायचे असं ठरवलंय.

पहाटेचं जमलं. साडेपाचला निघते, बाशामिचीवरून कान्नाईतून यामाशिता पार्कपर्यंत, परत येताना लाल विटांच्या गोदामांच्या बाजूने. पहिले दहा दिवस मॅप हातात होता, आता नसतो. जून सगळा पावसात गेला, आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर बारीक लागून राहतो, पण लोक छत्री घेऊन कुत्र्यांना फिरवत असतात, मीही निघायचे. एक आजोबा रोज हिकावा मारूसमोरच्या बाकावर रेडिओ लावून बसतात. महिन्यानंतर त्यांनी मान हलवून ओहायो, म्हणजे सुप्रभात, म्हटलं, मी पण म्हटलं. एवढंच, पण त्या दिवशी ऑफिसमध्ये मला फार हलकं वाटत होतं.

छत्रीखाली उभी राहिले काका. पाऊस होता म्हणून बराच वेळ उभी राहिले, घुमट बघत. छत्रीचा फोटो काढून पाठवायचा होता पण तुमची परवानगी न घेता तुमची जागा अशी इथे टाकायला नको वाटलं, तुम्ही म्हणालात तर टाकते.

क्योटो एकदाच केलं, छान होतं, गर्दीने जीव गेला. सांकेइएन तीनदा झालं. परवा शनिवारी कमळांसाठी बाग नेहमीच्या वेळेआधी उघडली होती तर गेले. तळ्याशी फोटो काढणारे म्हातारे लोक, सगळे गप्प, फुलं उमलायची वाट बघत. त्यातल्या एका बाईंनी मला हाताने खूण करून स्वतःच्या जागी उभं केलं कारण तिथून पॅगोडा आणि कमळ एकत्र दिसतं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. त्यांनी डब्यातलं लोणच्यासारखं काहीतरी दिलं, दाशी असेल की नाही कोण जाणे, मी खाल्लं.

लेकीचं म्हणाल तर ओसानबाशी तिला आता माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. समोर जो मोठा पाळणा दिसतो, कॉस्मो क्लॉक, त्याच्या मध्यभागी आकड्यांचं घड्याळ आहे. मी फोन तिकडे वळवला की ती साडेतीन तास वजा करते. सुरुवातीला बोटं मोजायची. काल म्हणाली, आई तुझे साडेआठ म्हणजे माझे पाच, खाली सगळे आलेत, मी जाऊ? आणि गेली. मी फोन तसाच धरून थोडा वेळ बसले, मग नोगेच्या गल्ल्यांतून घरी आले.

पाच आठवडे राहिलेत. सासूबाई आणि लेक शेवटच्या आठवड्यात इकडे येतील असं चाललंय, व्हिसाचं बघतोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर सांकेइएनला व्हीलचेअर कितपत फिरते हे कोणाला माहीत असेल तर सांगा. त्यांना ती तळ्याकाठची जागा दाखवायचीये.