अनुभव धागा : धावपळीत जेवल्यासारखं कधी वाटतं?

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात माणूस भेटला की पहिला प्रश्न 'जेवलात काय?'. शेजारी कन्नड बोलणारे असले तर 'ऊट आतेन्री?'. उत्तर ठरलेलं, 'झालं की!'. काय जेवलात म्हणून विचारलं तर मात्र डोकं खाजवायची वेळ येते. कामाच्या रगाड्यात ताटाकडे लक्ष द्यायला कुणाला कसं जमतं, किंवा का जमत नाही, ते लिहा. उपदेश नको. सुरुवात मी करते.

मी टिळकवाडीत राहते, काम कॉम्प्युटरवर. एका शिबिरात आम्हाला एकच बेदाणा खायला दिला. बघायचा, बोटांत फिरवायचा, हुंगायचा, मग सावकाश चावायचा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत ताणावर कार्यक्रम सुरू केला, त्यातला हा प्रसिद्ध धडा. माझं माहेर अथणीकडचं, द्राक्षाच्या मुलखातलं. बेदाणा मुठीनं तोंडात टाकायची सवय, त्यामुळं आधी हसूच आलं. पण साल फुटल्यावर पहिल्यांदा आंबट लागतं आणि गोडी मागून येते, हे तेव्हा कळलं. घरी येऊन तेच कुंद्यावर केलं. दूध आटून तांबूस होताना येतो तो खमंग, जरासा करपट वास, दाताखाली येणारा रवाळपणा. चमचाभर पुरला. एरवी वाटीचा तळ दिसल्याशिवाय मी थांबत नाही.

उद्यमबाग
ताई, एका बेदाण्याला पाच मिनिटं म्हणजे एसीत बसणाऱ्यांची चैन झाली. आम्हाला फाउंड्रीत जेवायला अर्धा तास, त्यातला थोडा हात धुवायच्या रांगेत जातो. भट्टीजवळून आल्या आल्या भूक नसतेच, नुसती तहान. आधी ताक, जरा पंख्याखाली बसायचं, मग भाकरी. डबे मात्र मधे ठेवायचे. माझी शेंगाचटणी, कुणाचा झुणका, हुक्केरीकडचा एक गडी मटकीची उसळ आणतो. दुसऱ्याच्या डब्यातलं घेतलं की 'कसं झालंय' ते सांगावं लागतं, आणि न चाखता सांगितलं तर लगेच पकडतात. लक्ष देऊन खाणं म्हणतात ते आमच्याकडं एवढंच.

निपाणी
मी विड्या वळते. मजुरी हजारावर मिळते, म्हणून सूप मांडीवर असलं की उठवत नाही. पूर्वी तिथंच डावीकडं ताट ठेवून घास घ्यायचे. तंबाखूची भुकटी नखात बसलेली, सगळी भाकरी कडू. आता लिंबाची फोड ठेवते. बोटं चोळायची, नखांतून फिरवायची, दोनदा धुवायची, मगच ताटाला हात लावायचा. वेळ जातो, विड्या कमी होतात, ते कुणी भरून देत नाही. पण खरड्याला खरड्याची चव लागते.

शहापूर (निवृत्त)
साखर निघाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी घड्याळ लावून जेवायला सांगितलं. पोट भरल्याचा निरोप आतड्यातल्या संप्रेरकांमार्फत मेंदूपर्यंत पोचायला साधारण २० मिनिटं लागतात म्हणे. आमचं जेवण तोवर आटपून हात वाळलेला असायचा. आता आधी कोशिंबीर आणि भाजी, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. बेळगावी बासमतीचा वास घरभर सुटलेला असताना भात शेवटी खायचा ही शिक्षाच आहे, पण साखरेला मानवतं. नुसती भाकरी बराच वेळ चावली की ती गोड लागते, बघा करून. लाळेतलं अमायलेज पिठुळ भागाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. माझी आई 'चावून खा रे' म्हणून ओरडायची ती काही अमायलेज शिकलेली नव्हती.

वडगाव
माग चालू असतो, दोरा तुटला की उठावं लागतं. त्यात नळाला पाणी आलं तर जेवण राहिलंच बाजूला. आमच्याकडं आळीपाळीनं जेवतात. एक मागावर, एक ताटावर. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

जांबोटीजवळून
रोप लावणीच्या दिवसांत आमच्याकडं पाऊस थांबतच नाही. बांधावर बसून, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन जेवायचं. नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी. भाकरी भिजायच्या आत संपवायची म्हणजे घाई आलीच, तरी तसली चव वर्षभर घरात लागत नाही. भूक खरी असली की जेवताना निराळं ध्यान लागत नाही, असं माझं मत.

हॉस्टेलवरून
मेसमध्ये सगळे मोबाईल समोर टेकवून जेवतात. मीही. आज हा धागा वाचत जेवालोय.

संकेश्वर
सगळ्यांचं वाचलं. आता एक विचारते, वाढणारीनं सावकाश कधी जेवायचं? तव्यावरची भाकरी थेट ताटात पडायला हवी, म्हणजे भाकरी थापणारी शेवटी, चूल विझल्यावर, उरलेल्या आमटीत. तुमची २० मिनिटं आमच्या भाकरी थापण्यात जातात.

संकेश्वर यांना, टिळकवाडीहून
अक्का, धागा काढताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तुमच्याकडं काही उपाय निघाला काय?

संकेश्वर
निघाला की. सगळ्या भाकऱ्या आधी करून बुट्टीत धडप्याखाली झाकून ठेवते आणि सगळ्यांबरोबर पानावर बसते. पोरांना काही फरक पडत नाही, गुरेळ्याची चटणी आणि दही असलं की झालं. मामंजींना गरमच लागते. त्यांना म्हटलं, मग तुमची तुम्ही तव्यावर शेकून घ्या. दोन दिवस रुसले, आता शेकून घेतात. कडा करपवतात आणि वर मलाच विचारतात, अशी कडक भाकरी बाजारात केवढ्याला मिळती?