अपलिंकमध्ये सगळ्यांची पॉवर चढतच जाते, तरी दूरच्या मोबाइलला ती पुरत नाही

प्रश्न

नमस्कार. अभ्यासासाठी मी एका बेस स्टेशनचे सिम्युलेशन लिहिले आहे. त्यात ३० मोबाइल सीडीएमए पद्धतीने, एकाच वेळी आणि एकाच पट्ट्यात, आपापला कोड वापरून अपलिंक (मोबाइलकडून बेस स्टेशनकडे जाणारा सिग्नल) पाठवतात. स्प्रेडिंगचा गुणक, म्हणजे कोडमुळे सिग्नल किती पट रुंद पट्ट्यात पसरतो तो आकडा, १२८ आहे आणि प्रत्येकाला शेवटी ७ डेसिबल सिग्नल-व्यत्यय गुणोत्तर मिळावे, असे लक्ष्य आहे. सुरुवातीला सगळ्यांना २०० मिलिवॉट दिले, तेव्हा १०० मीटरवरचे मोबाइल उत्तम चालले आणि १००० मीटरवरचे पूर्ण बुडाले. म्हणून ज्याचे गुणोत्तर कमी पडेल त्याची पॉवर त्याच प्रमाणात वाढवायची आणि ज्याचे जास्त होईल त्याची कमी करायची, असा नियम लावला. आता जवळ-दूरचा भेद सुरुवातीला मिटतो, पण प्रत्येक फेरीत सगळ्यांची पॉवर चढत जाते. दूरचे मोबाइल आधी २०० मिलिवॉटच्या मर्यादेला टेकतात आणि लक्ष्याच्या खालीच राहतात. चूक प्रोग्राममध्ये आहे की नियमात?

उत्तर १

दोन्हींत नाही, आपण मागत असलेले लक्ष्य ३० जणांना मिळूच शकत नाही.

आपला नियम फोशिनी आणि मिल्यानिच यांनी १९९३ मध्ये मांडलेलाच आहे. लक्ष्य साध्य असेल तर तो प्रत्येकाला पुरेल एवढ्या किमान पॉवरवर स्थिरावतो, आणि साध्य नसेल तर पॉवर चढतच राहते. त्याची गरज आपण स्वतः पाहिलीच आहे: अंतर दहापट झाले आणि सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने घटत असेल, तर ४० डेसिबलचा, म्हणजे १०,००० पटींचा फरक पडतो. स्प्रेडिंगमधून त्यातले २१ डेसिबल भरून निघतात, म्हणून एका जवळच्या मोबाइलसमोरही दूरचा १९ डेसिबल खाली राहतो. याच कारणाने आयएस-९५ या जुन्या सीडीएमए मोबाइल प्रणालीमध्ये बेस स्टेशन प्रत्येक मोबाइलला सेकंदाला ८०० वेळा पॉवर कमी-जास्त करण्याचा आदेश देत असे. डब्ल्यूसीडीएमए या ३जी प्रणालीमध्ये हा आकडा १५०० आहे.

आता सगळ्यांचे सिग्नल बेस स्टेशनवर सारख्याच ताकदीने पोहोचतात असे धरा. प्रत्येकाला उरलेल्या २९ जणांचा व्यत्यय सोसावा लागतो. १२८ भागिले २९ म्हणजे सुमारे ४.४, अर्थात ६.४ डेसिबल, आणि तेही रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज शून्य मानून. ७ डेसिबलला जास्तीत जास्त २६ जण बसतात, पण त्या टोकावर राहणे फार महागात पडते: २० जण असताना प्रत्येकाला जेवढी पॉवर लागते, तिच्या सुमारे बारापट २६ जण असताना लागते. कोणतेही जाळे या कड्याच्या जवळ चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; नवीन मोबाइलला प्रवेश नाकारणे हाही व्यत्यय कमी करण्याचाच उपाय आहे.

उत्तर २

वरचे गणित प्रत्येक सिग्नल स्वतंत्रपणे वाचणाऱ्या रिसीव्हरसाठी आहे. रिसीव्हरने सर्वांत बलवान सिग्नल आधी वाचला, तो पुन्हा घडवून मिळालेल्या लहरीतून वजा केला आणि मग पुढच्याकडे वळला, तर मर्यादा वर सरकते. मात्र वजाबाकी चॅनेलच्या, म्हणजे वाटेत सिग्नल कसा बदलतो याच्या, अंदाजाइतकीच अचूक असते: १०,००० पट बलवान सिग्नलचा एक टक्का जरी मागे राहिला, तरी तो दुबळ्या सिग्नलच्या शंभरपट भरतो. त्यामुळे या उपायातही पॉवर कंट्रोल सुटत नाही. बेस स्टेशनवर अनेक अँटेना असतील, तर दिशेवरूनही सिग्नल वेगळे काढता येतात.

एलटीई या ४जी प्रणालीने एका सेलच्या (एका बेस स्टेशनच्या क्षेत्राच्या) आतला हा प्रश्न मुळातच टाळला आहे, कारण तिथे प्रत्येकाला १५ किलोहर्ट्झच्या उपवाहकांचा (पट्ट्याच्या अरुंद तुकड्यांचा) वेगळा गट मिळतो. त्यासाठी सगळ्यांचे सिग्नल वेळेवर पोहोचणे आवश्यक असते, म्हणून दूरच्याला थोडे आधी पाठवायला सांगितले जाते. मग उरतो शेजारच्या सेलला होणारा त्रास. तिथे वाटेतली घट पूर्ण भरून न काढता समजा ०.८ भागच भरून काढतात: २० डेसिबल जास्त घट असलेला मोबाइल १६ डेसिबलच वाढवतो आणि स्वतः ४ डेसिबल दुबळा पोहोचतो. सेलच्या कडेवरच्या माणसाचा वेग त्यामुळे कमी होतो, हे मात्र मान्य करावे लागते.

उत्तर ३

मोबाइल ३० च ठेवायचे असतील, तर सेलचे १२० अंशांचे तीन सेक्टर करून पाहावेत, म्हणजे प्रत्येक अँटेनाला मुख्यतः आपल्याच दिशेच्या मोबाइलचा व्यत्यय होतो. शिवाय हे बोलण्याचे कॉल असतील, तर बोलणारा गप्प असतानाची पॉवर मोजू नये. आयएस-९५ मध्ये त्या वेळी मोबाइल कमी दराने आणि सरासरी कमी पॉवरने पाठवत असे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लक्ष्य ६ डेसिबलवर आणले तेव्हा ३० मोबाइल स्थिरावले, आणि ७ डेसिबल कायम ठेवून २४ मोबाइलही स्थिरावले. मी दोन दिवस प्रोग्राममधली चूक शोधत होतो. आता प्रत्येक नवीन मोबाइलला प्रवेश देण्याआधी हा भागाकार तपासणारी ओळ घातली आहे. पुढे वजाबाकी करणारा रिसीव्हर लिहिणार आहे, आणि त्यात एक टक्का चूक सुरुवातीपासूनच धरणार आहे.